गाठ सुटेपर्यंत वाजवणं: जिंदो बेटावरच्या एका सित्किमगुतचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ग्वांगजूमधल्या माझ्या एका सहकारी मैत्रिणीला मी पहिल्या वर्षापासून 'उन्नी' म्हणते. कोरियात बाई आपल्याहून मोठ्या बाईला थोरल्या बहिणीच्या नात्याने अशी हाक मारते. उन्नी मूळची जिंदो बेटावरची. तिचे वडील समुद्रात किमची शेती करायचे. किम म्हणजे भाताबरोबर खातात ते वाळवलेलं काळं शेवाळ. त्याची काढणी ऐन थंडीत असते. अशाच एका पहाटे ते होडीवरून पडले आणि चौथ्या दिवशी सापडले.

हे प्रकरण त्यानंतरच्या दीड वर्षाचं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव आणि माणसांचे काही तपशील बदलले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने झाले आणि ते घेताना कोणती कारणं होती, ते मात्र जसंच्या तसं आहे. यात माझाही हात होता. मी ध्वनिमुद्रणाचं काम करते, आणि या घराला मी दिलेला पहिला सल्ला चुकीचा होता.

शामान म्हणजे देवांशी आणि मृतांशी बोलणारी व्यक्ती. कोरियातल्या शामान विधीला 'गुत' म्हणतात. जिंदोवर मृतासाठी जो गुत होतो तो सित्किमगुत, म्हणजे धुण्याचा गुत. मृताचं जे मनात राहून गेलं असेल ते सोडवायचं, त्याला स्वच्छ करायचं आणि पुढच्या वाटेला लावायचं, असा हा विधी. १९८० मध्ये कोरियाच्या सरकारने त्याला राष्ट्रीय अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. तेव्हाच्या यादीत त्याचा क्रमांक ७२ होता.

हे वाचताना मराठी माणसाच्या मनात लगेच 'अंगात येणं' येईल. माझ्याही आलं होतं, कारण मी जागरण-गोंधळ बघत वाढले आणि संबळ चढायला लागला की पुढे काय होणार हे मला ठाऊक असायचं. सोल आणि ह्वांगहे प्रांताकडच्या मूदांग, म्हणजे गुत करणाऱ्या बायकांच्या बाबतीत ही कल्पना बरीच खरी आहे. त्यांच्यावर देव उतरतो आणि ढोल-झांजांची लय त्यासाठीच चढवली जाते. जिंदो ज्या जल्ला प्रांतात येतं तिथली रीत वेगळी. इथली तानगोल वंशपरंपरेने विधी करते. गाणं आणि मंत्र सासूकडून सुनेकडे जातात, घरातले पुरुष वाद्यं वाजवतात. तिच्या अंगात कोणी येत नाही. ती मृतासाठी गाते, आणि त्या गाण्यातूनच काम व्हायचं असतं. हा फरक लक्षात आला नाही तर पुढचं सगळं प्रकरण 'चांगली साथ हवी होती' एवढंच वाटेल.

या घराण्यांना जुन्या समाजात सगळ्यांत खालची पायरी होती. पान्सोरी हे कथागायन आणि सांजो हे एकल वाद्यवादन आज कोरियाचं भूषण मानलं जातं. दोन्हींची मुळं बऱ्याच अंशी याच घरांमध्ये आहेत. पण १९७० च्या दशकात ग्रामसुधारणेच्या मोहिमेत गुत म्हणजे अंधश्रद्धा ठरला आणि गावोगावचे विधी बंद पडले. पुढे मान्यता मिळाली तेव्हा घरं थोडीच उरली होती, आणि जे वादक होते ते मंचाकडे, संस्थांकडे गेले. एखाद्याच्या अंगणात रात्रभर बसून वाजवणारी माणसं मिळणं आज अवघड आहे, त्याचं कारण हे.

समस्या

पहिला विधी वडील गेल्यावर दीड महिन्याच्या आत झाला. उन्नीचा भाऊ सोलमध्ये नोकरीला, धाकटी बहीण चर्चला जाणारी, आई एकटी. भावाने शहराबाहेर भाड्याने मिळणारी एक विधीची जागा घेतली. तिथल्या मूदांगबाईंनी स्वतःचा स्पीकर आणला होता. जांगू हा मधे बारीक, दोन तोंडांचा ढोल त्या स्वतः वाजवत होत्या, बाकीची वाद्यं स्पीकरवर. हल्ली शहरांत असं चालतं, आणि त्या बाईंनी कसूर केली असं मला आजही वाटत नाही.

विधीत एक टप्पा आहे, ईसुल-तलगी. शब्दशः अर्थ दव झटकणं. मृताचे कपडे चटईत गुंडाळतात, सात ठिकाणी बांधतात आणि ती वळकटी उभी करतात. हे त्याचं शरीर. वर वाटी, वाटीत कागदातून कापलेला त्याचा आत्मा, आणि त्यावर टोपीसारखं भांड्याचं झाकण. मग झाडू बुडवून तीन पाण्यांनी धुतात: दवण्याच्या जातीच्या एका वनस्पतीचं पाणी, सुगंधी पाणी आणि शेवटी साधं स्वच्छ पाणी. त्या दिवशी तिसरं पाणी चालू असताना स्पीकरवरचा तुकडा संपला. बाईंनी दोन हात अजून फिरवले आणि पुढचं सुरू केलं.

बाकी कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. आईच्या आलं. पुढचे कित्येक महिने ती एकच बोलत राहिली: "गाणं संपलं म्हणून हात थांबला. माणूस धुऊन झाला नव्हता." वडिलांचे रबरी बूट तिने दाराशी ठेवले होते, ते कोणाला हलवू देईना.

मुलांना हा शोकाचा भाग वाटला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. उन्नीने मला तो प्रसंग सांगितला तेव्हा मी विचारलं, "तुकडा किती मिनिटांचा होता?" माझ्या डोक्यात प्रश्न लांबीचा होता.

कोणते पर्याय समोर होते

पुन्हा गुत करायचा हे आईने ठरवलं आणि त्यावर चर्चा नव्हती. चर्चा होती ती कसा करायचा यावर.

धाकट्या बहिणीला काहीच नको होतं, आणि करायचंच असेल तर चर्चमध्ये प्रार्थना. एका मामाने बौद्ध मंदिरातला विधी सुचवला. दोन्ही सूचना आईने ऐकून घेतल्या आणि बाजूला ठेवल्या. उरलेले पर्याय तीन. पहिला भावाचा: खऱ्या तानगोल घराण्यातली बाई बोलवू, पण वादकांऐवजी नीट तयार केलेलं ध्वनिमुद्रण वापरू. दुसरा, तानगोल आणि फक्त जांगू-जिंग. जिंग म्हणजे काशाची घंटाथाळी. तिसरा, तीन-चार वादक बोलवून घरच्या अंगणात, रात्रभर नाही तरी मध्यरात्रीपर्यंत.

खर्चाच्या हिशेबाने पहिला सगळ्यांत सोपा. भावाने मला विचारलं, "ट्रॅक मोठा करून द्याल का?" मी हो म्हणाले. सात मिनिटांचा तुकडा घेऊन मी तो वीस मिनिटांचा केला. जोड कुठे आहे ते कोणालाही कळलं नसतं, याची मला खात्री होती.

तो घेऊन आम्ही जिंदोला तानगोल बाईंकडे गेलो. सत्तरी ओलांडलेल्या. सगळे त्यांना 'सनसेंगनिम' म्हणतात, म्हणजे गुरुजी. त्यांनी न कुरकुरता हेडफोन नको, स्पीकर लावा असं सांगितलं आणि खालच्या आवाजात गायला लागल्या. पहिली काही आवर्तनं उत्तम गेली. मग त्या एका ओळीवर थांबल्या, श्वास घेतला, मृताचं नाव घेण्यासाठी असते तेवढी जागा सोडली. ट्रॅक पुढे गेला. त्यांनी तो गाठला, पुन्हा थांबल्या, पुन्हा तो पुढे. तिसऱ्या वेळी त्यांनी हात वर केला.

"हे मला ऐकत नाही. मी थांबले तरी हे चालतंच."

मी लांबी वाढवली होती. अडचण लांबीची नव्हतीच.

इथे संगीत नेमकं काय करतं

तानगोल बाईंनी आणि नंतर जांगू वाजवणाऱ्या आजोबांनी जे समजावलं त्यातलं थोडं इथे सांगायलाच हवं, कारण निर्णय त्यावर फिरला.

या भागातल्या गुतचं वाद्यसंगीत म्हणजे शिनावी. पिरी हा वेळूचा छोटा शहनाईसारखा पावा, तेगुम ही आडवी बासरी, हेगुम ही दोन तारांची सारंगी, आणि आजेंग हे गजाने वाजवायचं आडवं तंतुवाद्य. लिहिलेलं काही नाही. ताल आणि सुरांची चौकट सगळ्यांची एक, पण त्या चौकटीत प्रत्येक जण आपल्या वाटेने जातो आणि ठरावीक जागी सगळे भेटतात. सूरही मोजके. मुख्य तीन: खालचा थरथरत ठेवतात, मधला सरळ धरतात, वरचा मोडून खाली आणतात. हा वरचा सूर मोडला की अंगणात बसलेल्या बायकांचे खांदे हलतात. मी ते स्वतः पाहिलं आहे, एकदा नाही, अनेकदा.

दुसरी गोष्ट बाराजी. वादक नुसते वाजवत नाहीत, तानगोलच्या ओळीला गळ्यानेही उत्तर देतात. ती ओळ सोडते तिथून ते उचलतात, कधी तिच्या ओळीखालून स्वतःची दुसरी ओळ सरकवतात. 'बाराजी' या शब्दाचा रोजच्या कोरियनमधला अर्थ आहे पाठीशी उभं राहून एखाद्याचं हवं-नको बघणं. संगीताच्या शब्दाला हा अर्थ असणं मला फार बोलकं वाटतं. रात्रभर गाणाऱ्या बाईला श्वास कुठे लागणार, घरातलं कोण कोसळणार, कोणाला अजून रडू फुटलेलं नाही, हे वादक बघत असतात आणि आवर्तन त्याप्रमाणे लांबवतात किंवा आवरतात. तानगोल मृताकडे बघते. घराकडे बघण्याचं बरंचसं काम वादकांचं.

एवढं कळल्यावर पहिला पर्याय आपोआप गळाला.

घेतलेले निर्णय

दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायांत भावाचा आणि उन्नीचा वाद झाला. उन्नी म्हणे, जांगू-जिंग पुरे, जुनं तेच शुद्ध. भावाला आजेंग हवंच होतं. टीव्हीवर पाहिलेल्या प्रत्येक सित्किमगुतमध्ये ते होतं. आजोबांनी दोघांनाही वेगळंच सांगितलं. हे छोटं आजेंग विसाव्या शतकात नाटकाच्या मंचासाठी घडवलेलं वाद्य. त्यांच्या वडिलांच्या गुतमध्ये ते नव्हतं. "पण म्हणून टाळायचं कशाला? रडणं लांबवायला याच्यासारखं वाद्य नाही." शुद्ध-अशुद्धचा मुद्दा तिथेच संपला. जांगू, जिंग, आजेंग आणि तेगुम असे चार वादक ठरले.

जागेचा निर्णय लगेच झाला: घरचं अंगण. वेळेचा निर्णय मात्र आम्ही घाईत घेतला. शेजारच्या घरात तान्हं बाळ होतं, पलीकडच्या घरातले लोक चर्चला जाणारे. भावाने दोन्ही घरांत जाऊन "रात्री अकरापर्यंत आटपू" असा शब्द दिला. हा शब्द त्याने तानगोल बाईंना न विचारता दिला. त्यांना तो विधीच्या आदल्या दिवशी कळला. त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की अकराला काय झालं असेल हे मी आज सांगू शकत नाही.

विधीची रात्र

दुपारी सगळे किनाऱ्यावर गेलो. बुडून गेलेल्या माणसाचा आत्मा आधी पाण्यातून वर आणावा लागतो. तांदळाने भरलेली वाटी पांढऱ्या कापडात बांधून लांब कापडाच्या टोकाने समुद्रात सोडली. सोबत जिंग. किनाऱ्यावर वाऱ्यात ती फार दूर जात नव्हती, पण तालात खंड नव्हता. वाटी वर आली, आईने ती पदरात घ्यावी तशी छातीशी धरली आणि घरापर्यंत कोणाला दिली नाही.

संध्याकाळी तेगुमवाल्याची अडचण झाली. तेगुमच्या एका छिद्रावर बोरूच्या आतलं पातळ पापुद्र्यासारखं कातडं चिकटवलेलं असतं, त्यानेच तो आवाज जिभेला झोंबावा तसा फाटतो. समुद्रावरच्या दमट हवेत ते सैल पडलं. त्याने तासभर शेकोटीजवळ बसून दोनदा नवं लावलं. दुसरी वाद्यं त्याच्यासाठी थांबली नाहीत, सुरुवातीचे टप्पे त्याच्याविना झाले, आणि तो मधेच येऊन मिसळला तेव्हा कोणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

साडेआठच्या सुमारास गोपुरी सुरू झाली. लांब पांढऱ्या सुती कापडाला ओळीने सैल गाठी मारतात, एक टोक खांबाला बांधतात. तानगोल गात गात कापड झटकते आणि एकेक गाठ सुटत जाते. या गाठी म्हणजे मृताने आयुष्यात गिळलेल्या गोष्टी. पहिल्या तीन अलगद सुटल्या. चौथी बसली.

कारण साधं असावं. कापड नवं होतं, हवा ओली होती, गाठ आवळली गेली. तानगोल बाईंनी झटकलं, पुन्हा झटकलं. भाऊ तेव्हा फाटकाशी, फोन हातात घेऊन उभा होता. संध्याकाळभर तो तिथेच होता. वडिलांशी त्याचं शेवटचं बोलणं भांडणाचं होतं, हे मला खूप नंतर कळलं. बाईंना ते माहीत होतं की नाही, मी विचारलेलं नाही.

त्या वेळी जांगूने काय केलं ते माझ्या रेकॉर्डरवर आहे. आजोबांनी लय वाढवली नाही. मला वाटलं होतं वाढवतील, संबळ ऐकलेल्या माझ्या कानाला तेच अपेक्षित होतं. त्यांनी उलट डाव्या तोंडावरचे ठोके हलके केले आणि तेच आवर्तन धरून ठेवलं. आजेंग खालच्या थरथरत्या सुरावर उतरून तिथेच राहिलं. बाईंची ओळ संपली की आजोबा आणि जिंगवाले गळ्याने ती उचलायचे, म्हणजे बाईंना श्वास मिळायचा. असं जवळजवळ नऊ मिनिटं चाललं. मधे कधीतरी भाऊ फाटकापासून आत आला. कोणी बोलावलं नव्हतं. खांबाजवळ येऊन उभा राहिला, मग खाली बसला, आणि कपाळ जमिनीला टेकवून जो रडला तो आवाज मुद्रणात वाद्यांच्या वर आहे.

गाठ त्यानंतर सुटली. लगेच नाही. आणखी चार-पाच आवर्तनांनी. आजोबांनी तेव्हा पहिल्यांदा बाईंकडे पाहिलं आणि लय बदलली.

आता वेळेचा हिशेब पार चुकला होता. वळकटी उभी करून धुणं सुरू झालं तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. भाऊच घड्याळ बघायचा, तो आता बघत नव्हता. मी आणि उन्नीने तानगोल बाईंना खूण केली. पुढचं काय आटपतं घ्यायचं हे त्यांनी आणि आजोबांनी दोन वाक्यांत ठरवलं. नाचाचा भाग काढला, देवांना आळवायच्या ओळी आखूड केल्या. धुण्याला हात लावला नाही. तिन्ही पाणी पूर्ण झाली. तिसऱ्याला तर बाईंनी आईच्या हातात झाडू दिला, आणि आईचा हात थांबेपर्यंत वादक एकाच आवर्तनात फिरत राहिले.

शेवटचं मोठं काम गिलदाक्कुम, वाट झाडणं. पांढरं कापड अंगणभर ताणतात, ती मृताची वाट, आणि त्यावरून त्याच्या आत्म्याची छोटी पेटी हळूहळू पुढे नेतात. इथलं गाणं संथ, वादकांची बाराजी सगळ्यांत भरीव इथेच. कापडाची टोकं नातेवाईक धरतात. एक टोक भावाने धरलं होतं. पावणेबारा वाजले. मग फाटकाबाहेर कपडे आणि कागदी सामान जाळलं.

धाकटी बहीण या सगळ्यात बाहेर आली नाही. तिने स्वयंपाकघर सांभाळलं आणि वादकांना दोन वेळा गरम जेवण वाढलं. आजोबांनी जाताना तिला दोन्ही हात जोडून वाकून नमस्कार केला.

परिणाम

सकाळी दाराशी बूट नव्हते. आईने ते शेजारच्या किमवाल्याला देऊन टाकले होते. तिची झोप त्या आठवड्यापासून सुधारली, गोळ्या डॉक्टरांना विचारूनच पुढे कमी झाल्या. 'धुऊन झाला नाही' हे वाक्य उन्नीने पुन्हा ऐकलं नाही.

सगळं गोड झालं असं नाही. बाळ असलेल्या घराने दुसऱ्या दिवशी नाराजी सांगितली आणि ती रास्त होती. आई भाताच्या वड्या घेऊन गेली, तरी बोलणं पूर्ववत व्हायला वेळ गेला. दोन बहिणींमध्ये या विषयावर आजही अबोला आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यांत आधी आईला विचारायला हवं होतं. पहिल्या विधीत काय राहिलं हे तिने नेमक्या शब्दांत सांगितलं होतं. गाणं संपलं म्हणून हात थांबला, हे वाक्य आम्ही दुःखाचं लक्षण म्हणून ऐकलं. ते विधीचं अचूक निरीक्षण होतं. ते तसं ऐकलं असतं तर आठ-नऊ महिने वाचले असते.

शेजाऱ्यांना वेळेचा शब्द देण्याआधी तानगोल बाईंशी बोलायला हवं होतं. अशा विधीला शेवटची वेळ बांधता येत नाही, पण काय आधी घ्यायचं आणि काय गाळता येईल हे ठरवता येतं. संध्याकाळी दोन तास लवकर सुरू केलं असतं तर बाळाच्या झोपेचा प्रश्न बराचसा सुटला असता. किंवा त्या कुटुंबाला एका रात्रीपुरती दुसरीकडे सोय करून देता आली असती. तो खर्च एका वादकाच्या बिदागीपेक्षा कमी झाला असता.

वादकांची संख्या मला आजही योग्य वाटते. दोन असते तर? जांगू-जिंगवर विधी झाला असता, पूर्वी गरिबाघरी तसाच व्हायचा. पण त्या नऊ मिनिटांत बाईंना श्वास द्यायला फक्त ते दोन गळेच उरले असते, खाली सूर धरून ठेवायला आजेंग नसतं. सत्तरीच्या बाईचा विचार करता तिसरा-चौथा माणूस गरजेचा होता, आणि ही बाब हिशेब मांडताना आमच्यापैकी कोणीच धरली नव्हती.

आणि माझी चूक. विधीच्या रात्री मी मुख्य माइक तानगोल बाईंसमोर लावला, दुसरा आजेंगजवळ. वादकांच्या गळ्यांसाठी एकही नाही. वादक म्हणजे वाद्य, असं मी धरून चालले होते, ट्रॅक लांबवताना धरलं होतं तसंच. त्यामुळे मुद्रणात बाराजी जेमतेम ऐकू येते, बाईंच्या माइकमधून मागून आल्यासारखी. चौथ्या गाठीच्या वेळी आजोबांनी नेमके कोणते शब्द उचलले ते मला शेवटी त्यांच्याकडे जाऊन विचारावे लागले, आणि त्यांनी ते सांगितलं नाही. "तिथे जे लागलं ते म्हटलं," एवढंच.

मुद्रणाची प्रत उन्नीकडे आहे. आईने ती मागितलेली नाही.